हळदीकुंकवातला पहिला भाग

राजाभाऊंनी आयुष्यभर दोनच गोष्टी केल्या : गीझर विकले आणि समारंभ केले. गीझर घर चालावं म्हणून, आणि समारंभ आपल्याशिवाय जग चालत नाही याची खात्री पटावी म्हणून. गाझियाबादच्या मराठी मंडळाचे ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की मंडळाच्या घटनेत निवडणूक नावाचं एक कलम आहे, हे नव्या सभासदांना कोणी सांगितलंच नव्हतं. अशा माणसाने टीव्हीसाठी मालिका काढली तर तिचा पहिला भाग कसा असेल? मंडळाच्या वर्धापनदिनासारखा. तो तसाच होता. दुःख एवढंच की तो मानसने लिहिला होता.

साल सत्त्याण्णव. गाझियाबादच्या वैशाली या नव्या वसाहतीत अजून रस्ते यायचे होते, पण केबल आली होती. नोएडात एक नवं चॅनेल निघालं होतं, त्याला मालिका हव्या होत्या, आणि त्यामुळे दिल्लीत ज्याच्याकडे मारुती व्हॅन होती तो प्रत्येक जण निर्माता झाला होता. पद्धत सोपी होती. पहिला भाग आपल्या खर्चाने बनवायचा, कॅसेट घेऊन जायचं, चॅनेलच्या मॅडम बघणार आणि हो किंवा नाही म्हणणार. राजाभाऊंना सोमवार मिळाला होता.

मानसला मंगळवार मिळाला होता, बँकेकडून, रुजू व्हायला. बँकेची परीक्षा तो चुकून पास झाला होता. ज्यांना पास व्हायचं होतं त्या मित्रांना सोबत म्हणून तो गेला होता, आणि ते सगळे नापास झाले होते. बँकेने त्याला तिकडे ऊसपट्ट्यातली शामली शाखा दिली, एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा वाढवणार नाही असं कळवलं. शामलीबद्दल मानसचं मत वाईट नव्हतं, मुळात मतच नव्हतं. पण तिथे गेलो की पुन्हा एक ओळही लिहिणार नाही, हे त्याला स्वतःच्या स्वभावावरून पक्कं माहीत होतं. तो जिथे बसवाल तिथे बसणारा माणूस होता.

मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या त्याच्या वडिलांनी, दीनानाथांनी, निकाल आधीच देऊन ठेवला होता.

"सोमवारी चॅनेल हो म्हणालं तर तू लेखक. नाही म्हणालं तर तू शामली."

"शामलीला, बाबा."

"तेच ते."

मालिकेचं नाव होतं 'सपनकुंज'. नव्या उपनगरातल्या नव्या सोसायटीची गोष्ट. पहिल्या भागात सोसायटीची पहिली सभा भरते. एकेक पात्र उभं राहतं, नाव सांगतं, मूळ गाव सांगतं, हुद्दा सांगतं आणि खाली बसतं. मग दुसरं उभं राहतं. बिल्डरला शाल आणि नारळ दिला जातो. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर बोलतो. हे काम राजाभाऊंच्या मेहुण्याने केलं होतं, आणि तो टाकी भरेपर्यंत बोलत होता. शेवटी आभार.

"काका, यात नुसती ओळखच होते," मानस म्हणाला होता.

"मग? पहिली भेट आहे. पहिल्या भेटीत ओळखच करून घ्यायची असते. तू काय पहिल्याच भेटीत भांडतोस?"

मानसला कोणाच्याही पहिल्या भेटीचा अनुभव नव्हता, त्यामुळे त्याने सभा सांगितली तशीच लिहिली. फक्त आभारांनंतर त्याने एक प्रसंग घुसवला. सभेला आलेली नायिका थकून घरी निघते, चुकून एक मजला आधीच थांबते, किल्ली लावते, दार उघडतं. घर मात्र परक्याचं. बिल्डरने सगळ्या दारांना एकाच लॉटमधली कुलपं बसवलेली असतात, म्हणजे कुठलीही किल्ली कुठलंही दार उघडणार. ती घाबरून मागे फिरणार, तोच तिला दिसतं की आत गॅसवर दूध ठेवलंय आणि ते वर येतंय.

राजाभाऊंनी हे राहू दिलं. "आभारानंतर लोक चपला शोधत असतात," ते म्हणाले. "तेव्हा काहीही चालतं."

कॅसेट हातात आली शनिवारी, आणि शनिवारी संध्याकाळी मानसच्या आईचं, अलकनंदाताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुण्यातल्या बायका हळदीकुंकवाला गल्लीतल्या गल्लीत चालत जातात. इथे चार मराठी घरांमध्ये दोन सेक्टर, एक नाला आणि म्हशींचा गोठा असतो, त्यामुळे हळदीकुंकू व्हॅनने होतं. एका संध्याकाळी सात-आठ घरं उरकायची. आत यायचं, हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण. "बसा ना!" "नाही हो, अजून चार घरं आहेत!" आणि जिना.

यावरून मानसला कल्पना सुचली. चॅनेलच्या मॅडमनाही घाईच असणार. जिला अजून चार घरं करायची आहेत ती बाई जर टीव्हीसमोर बसून राहिली, तर जगात कोणीही बसेल.

"लोक हळदीकुंकवाला येणारेत, सिनेमाला नाही," आई म्हणाली. ती साबणदाण्यांवरची किमतीची लेबलं खरवडत होती. यंदा वाण साबणदाणीचं होतं.

"आवाज बारीक ठेवतो, आई. प्लीज."

"आणि मध्येमध्ये उभा राहू नकोस. बायकांना अवघडल्यासारखं होतं."

पहिल्या तिघी जवळच्याच ब्लॉकमधून चालत आल्या. मानसने कॅसेट सुरू केली आणि पडद्यामागे उभा राहिला, म्हणजे बायकांना अवघडल्यासारखं न होता नुसतं भुताटकीसारखं व्हावं. टीव्हीवर एक गृहस्थ आपण मूळचे मेरठचे असल्याचं सांगत होते.

"तो मागे बसलाय तो राजाभाऊंचा मेहुणा ना गं? केस काळे केलेत."

"काळे नाहीत, मेंदी आहे ती."

"चला हो अलकाताई, निघतो. अजून तीन घरं आहेत."

खजिनदाराची ओळख व्हायच्या आत जिन्यावर बांगड्या वाजल्या. मानसने कॅसेट रिवाइंड केली. पुढच्या दोघी आल्या. त्यातल्या एकीने टीव्हीकडे बराच वेळ पाहिलं. शाल-नारळाचा प्रसंग चालला होता.

"कोणाच्या लग्नाची कॅसेट?" तिने विचारलं.

"लग्नाची नाही," आई म्हणाली.

"अच्छा, साखरपुडा. मुलगी कुठली?"

मानस पडद्यामागून निघून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. दीनानाथ तिथे तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांना हॉलमध्ये प्रवेश नसे.

"शामलीला गूळ फार चांगला मिळतो म्हणे," ते म्हणाले. टोमणा नव्हता. पुडी बांधताना सुचलं, एवढंच.

मानसने ठरवलं की आता कॅसेट रिवाइंड करायची नाही. चालू आहे तशी चालू दे, संपली की संपली. त्याने वडिलांसमोरचा दोऱ्याचा गुंडा ओढला आणि तोही पुड्या बांधू लागला. हॉलमध्ये टाकी हळूहळू भरत होती.

तेवढ्यात खाली व्हॅन थांबली. राजाभाऊ स्वतः चालवत होते. ते खालीच बसून राहिले आणि पाच जणी वर आल्या. पुढे राजाभाऊंच्या बायको शालिनीवहिनी, शेवटी द्वारकामावशी. द्वारकामावशी दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माणूस आपोआप जीभ बाहेर काढायचा. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, आई म्हणाली "बसा ना", शालिनीवहिनी म्हणाल्या "नाही हो", आणि मग हॉलमध्ये अचानक काहीच ऐकू येईना.

सहा मराठी बायका एका खोलीत आणि आवाज नाही. मानस आणि दीनानाथ दोघांनीही हातातल्या पुड्या खाली ठेवल्या. काहीतरी अपघात झाला असणार.

"अगं, दूध!" हॉलमधून कोणीतरी ओरडलं.

दीनानाथांनी धावत जाऊन गॅस पाहिला. त्यावर काहीच नव्हतं.

"बंद कर! बंद कर गं बाई!"

"अहो, कशी बंद करेल? दुसऱ्याचं घर आहे ते!"

"म्हणून काय उतू जाऊ द्यायचं?"

मानस दारात आला. टीव्हीवर नायिका परक्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. दूध वर येत होतं. गॅस बंद करावा, तर घरातल्यांना कळणार कोणीतरी आत आलं होतं. न करावा, तर डोळ्यांदेखत दूध जाणार. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही. नायिकेने हात पुढे केला. टीव्हीतल्या जिन्यावर पावलं वाजली. तिचा हात गॅसच्या बटणावर, दूध कडेला, आणि भाग संपला.

"हे काय!" शालिनीवहिनी म्हणाल्या. "पुढे?"

"एवढंच आहे, वहिनी. पहिला भाग आहे," मानस म्हणाला.

"म्हणजे केला का नाही बंद?"

"मी असते तर बंद केला असता," द्वारकामावशी म्हणाल्या, "आणि साय काढून झाकून ठेवलं असतं. मग पकडायचं त्याने पकडावं."

"मावशी, पळाली असती हो कोणीही!"

"दूध टाकून? तू पळ. तुझ्याकडे दूध येतं तेच पाण्याचं."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. शालिनीवहिनी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. दाराच्या लॅचकडे त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"अलकाताई, तुमचा बिल्डर कोण?"

"तुमचाच की. चारही ब्लॉक त्याचेच."

वहिनींनी पर्समधून आपल्या घराची किल्ली काढली. मानसला सांगावंसं वाटलं की वहिनी, ती गोष्ट आहे, मी बसमध्ये बसून रचलेली आहे. पण तोवर त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं होतं. हॉलमध्ये सगळ्या दाराकडे बघत बसल्या. खट् आवाज झाला. दार उघडलं आणि शालिनीवहिनी, एका हातात साबणदाणी आणि एका हातात किल्ली घेऊन, दुसऱ्याच्या घरात हक्काने उभ्या होत्या.

"अय्या," त्या म्हणाल्या.

पुढच्या काही मिनिटांत पाचही किल्ल्यांनी ते दार उघडलं. मग सगळ्या जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या आणि समोरच्या दाराकडे पाहू लागल्या.

"नको गं, बरं दिसतं का," आई म्हणाली.

"नुसतं बघायचं. आत जायचं नाही," द्वारकामावशी म्हणाल्या आणि स्वतःच्या किल्लीने शेजाऱ्यांचं दार उघडलं.

आत खन्नाजी बनियन घालून, पाय टीपॉयवर टाकून क्रिकेट बघत होते. त्यांनी मान वळवली. दारात भरजरी साड्या नेसलेल्या सहा बायका, कपाळभर हळदकुंकू, अत्तराचा वास. खन्नाजी सरळ माणूस होते. त्यांना वाटलं, आपण गेलो. ते हळूच पाय खाली घेऊन बसले.

अशा प्रसंगी काय बोलायचं हे कोणालाच ठाऊक नसतं, पण अलकनंदाताईंच्या हातात तिळगुळाची वाटी होती. त्या दोन पावलं पुढे गेल्या.

"भाईसाब, तिलगुल लीजिए. मीठा-मीठा बोलिए."

खन्नाजींनी तिळगूळ घेतला. "थँक्यू जी," ते अगदी मिठ्ठास आवाजात म्हणाले. दार बंद झाल्यावर आतून सोफा ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात राजाभाऊ धापा टाकत जिना चढून आले. "अरे, हॉर्नची बॅटरी उतरली! तीन घरं राहिलीत! काय चाललंय?"

"घरी जाऊन आधी कुलूप बदला," शालिनीवहिनी म्हणाल्या. "आणि ते दूध कोणाचं होतं ते सांगा. तुम्हीच काढलीय ना मालिका?"

"कुठलं दूध?"

निर्मात्याने आपला भाग आभारांपुढे पाहिलाच नव्हता.

सगळे आत आले. व्हीसीआरला मात्र समाजाशी काही देणंघेणं नसतं. कॅसेट संपल्यावर तो आपोआप रिवाइंड झाला होता आणि आपोआप पुन्हा सुरूही झाला होता. टीव्हीवर सभा चालली होती. मेरठचे गृहस्थ उभे राहून नाव सांगत होते. मानस बंद करायला वाकला.

"थांब रे!" द्वारकामावशी ओरडल्या. "राहू दे. हा एकटा राहतो म्हणाला का?"

"एकटाच म्हणाला."

"मग दूध ह्याचं. एकट्या पुरुषाच्याच घरी दूध गॅसवर विसरतात."

"नाही हो मावशी, त्या खजिनदाराकडे बघा ना. सारखा घड्याळ बघतोय. ह्याला घरी जायचंय. ह्यानेच ठेवलंय."

बायका खाली सतरंजीवर बसल्या. द्वारकामावशींनी चष्मा पुसला. प्रत्येक पात्र उठत होतं, नाव, गाव, हुद्दा सांगत होतं, आणि सहा जणी त्याला पोलिसाच्या नजरेने निरखत होत्या. शाल-नारळाच्या वेळी बिल्डरकडे पाहून शालिनीवहिनी म्हणाल्या, "ह्याला माहितीय सगळं. चेहरा बघ." त्यांचा भाऊ पाण्याच्या टाकीवर बोलायला लागला, आणि ते संपूर्ण भाषण कोणी चुळबुळ न करता ऐकलं.

"एवढं का बोलतोय तो?" एकीने विचारलं.

"लपवतोय काहीतरी," त्याची सख्खी बहीण म्हणाली.

मानस व्हीसीआरपाशी वाकला होता तसाच राहिला. तीच माणसं, तेच शब्द, तीच टाकी. मघाशी याच सभेने लोकांना घराबाहेर काढलं होतं. फरक फक्त एवढाच की मघाशी कोणाला काही हवं नव्हतं, आणि आता सगळ्यांना एका पातेल्याचा मालक हवा होता. ओळख करून द्यायला हरकत नाही. आधी ओळखीची गरज तरी निर्माण करायला हवी. हे एवढं साधं त्याला कळायला पुस्तकं, दोन कार्यशाळा आणि एक संक्रांत लागली.

"काका," तो हळूच म्हणाला, "दूध आधी घेऊ या का? सभा तशीच ठेवू. एक शब्द कापायचा नाही. फक्त शेवटचं पुढे आणायचं."

राजाभाऊ सतरंजीवर बसलेल्या बायकांकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मंडळाच्या इतक्या वर्षांत प्रास्ताविक असं कोणी ऐकलं नव्हतं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तू म्हणत होतास नुसती ओळख. ओळखच चालली शेवटी!"

"बिल्कुल, काका," मानस म्हणाला. कधी गप्प बसायचं हे त्याला नक्की कळत होतं.

रविवारी लाजपतनगरच्या एका तळघरात एडिटरने दूध पुढे आणलं. काम फार नव्हतं. वैशालीत त्या दिवशी कुलूपवाल्यांना जेवायला वेळ मिळाला नाही.

सोमवारी नोएडात चॅनेलच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ निर्माते कॅसेटी मांडीवर घेऊन बसले होते. मानसशेजारचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने सासूच्या कवळीत अडकलेल्या आत्म्यावर मालिका केली होती. तो आत गेला आणि खुर्ची गार व्हायच्या आत बाहेर आला. "म्हणाल्या, बघून झालं," तो सांगत होता. "मॅडमच्या हातात रिमोट आहे हो. फॉरवर्ड करतात सारखं." मानसने मनातल्या मनात शामलीचं तिकीट काढलं.

आत निधी मॅडम बसल्या होत्या. वयाने मानसहून जेमतेम मोठ्या, चेहरा इतरांच्या पहिल्या भागांनी दमलेला. हातात रिमोट, अंगठा बटणावर. "नमस्ते, बैठिए," त्या टीव्हीकडे बघतच म्हणाल्या. राजाभाऊ प्रास्ताविक करायला उभे राहिले होते. मानसने त्यांचा कोट खाली ओढला.

भाग सुरू झाला. ना नाव, ना गाव. एक दमलेली बाई जिना चढते, किल्ली लावते, आत पाऊल टाकते. मानस टीव्हीकडे बघत नव्हता, तो अंगठ्याकडे बघत होता. अंगठा एकदा हलला. दूध वर यायला लागलं आणि अंगठा थांबला.

"अरे, बंद करो ना यार," निधी मॅडम पुटपुटल्या.

मग सभा सुरू झाली. मेरठचे गृहस्थ उभे राहिले. मॅडमनी रिमोट टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. टाकीचं भाषण सुरू झालं तेव्हा मानसने डोळेच मिटले. कानांवर भाषण येत राहिलं, अखंड, एकाही ठिकाणी न तुटता, शेवटच्या थेंबापर्यंत. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर भाषण आपण ऐकतो आहोत असं त्याला वाटलं.

"ये सेक्रेटरी कुछ छुपा रहा है," मॅडम म्हणाल्या.

"जी, मेरा साला है," राजाभाऊ अभिमानाने म्हणाले.

"दूध किसका था?"

राजाभाऊंनी मानसकडे पाहिलं. मानसला माहीत नव्हतं. त्याने तो विचारच केला नव्हता. त्या वेळी त्याला फक्त दूध सुचलं होतं.

"मॅडम, ते तेराव्या भागात कळेल," तो हिंदीत म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त खरा लागला.

मॅडमनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तेरा चाहिए ही थे मुझे. चलो, बना लो. पण दुसऱ्या भागात निदान गॅस बंद केला का ते सांगा, नाहीतर माझी आई मला जेवू देणार नाही." हे शेवटचंही त्या हिंदीतच म्हणाल्या, पण मानसला ते मायबोलीत ऐकू आलं.

बाहेर आल्यावर राजाभाऊंनी त्याला मिठी मारली, मग दातांच्या डॉक्टरलाही मारली. मानस पायरीवरच बसला. थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मोहरी फुलली होती, आणि तिच्यामागे कुठल्यातरी नव्या सोसायटीचे खांब उभे राहत होते. त्याला कडकडून भूक लागली. त्याने ठेल्यावरचे छोले-कुलचे दोन प्लेट खाल्ले आणि मग पीसीओ शोधला.

फोन दीनानाथांनी उचलला.

"बोल. शामली?"

"नाही, बाबा. हो म्हणाल्या. तेरा भाग."

मीटरचे लाल आकडे पळत होते.

"तेरा म्हणजे पर्मनंट नाही," दीनानाथ म्हणाले.

"नाही, बाबा. पर्मनंट नाही."

"हं." मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो तारेतून मानसच्या कानाला लागला. "बरं झालं. मी सकाळी तुझा होल्डॉल काढून झटकून बघितला. पट्टा तुटलाय रे. तशा होल्डॉलवर कोणाला पाठवता येतं का शामलीला?"

"नाही येत, बाबा."

"तेच म्हणतो मी. ये घरी."